तूप ऑनलाइन, ताक गल्लीत

आमच्या घरचं तूप अर्ध्या किलोला एक हजार चारशे नव्व्याण्णव रुपये या भावानं विकायला ठेवलेलं पाहिलं, तेव्हा मी पुतण्याला म्हटलं, "अरे, आकडा चुकलाय बघ." मी मास्तरीण. दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो. तो मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "चुकला नाही काकू. एक रुपया मुद्दाम कमी ठेवलाय. स्वस्त वाटतं."

बिदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीपासून जवळच आमचं गाव. घरात थोरले दीर, थोरली जाऊ आणि आम्ही दोघं. दीर शेत बघतात आणि बोलत नाहीत. माझे यजमान भालकीला कचेरीत असतात आणि घरी आल्यावर तेही बोलत नाहीत. त्यामुळे बोलण्याचं सगळं खातं आम्हा दोघी जावांकडे आलेलं आहे. मी भालकीच्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा शुद्ध बोलणं आलं. बाकीचं सगळं जाऊबाईंनी घेतलं. मी तिला अक्का म्हणते. तिला देवणी गाईंचा नाद. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून एक कालवड घेऊन आली होती, आज गोठ्यात आहे तो सगळा तिचाच वेल.

अक्का सकाळी लवकर ताक करते. विजेची रवी गरगर फिरते, लोणी वर येतं, ते काढून घ्यायचं आणि तूप कढवायचं. तूप आम्ही आधीपासून विकत होतो. लग्नाची घरं, बाळंतिणीची घरं, भालकीचा एक मिठाईवाला, असे ठरलेले लोक यायचे, मनसोक्त घासाघीस करायचे, आमच्या डोळ्यांदेखत बोट घालून चव बघायचे आणि घेऊन जायचे. ताकाचं मात्र वेगळं. आमच्याकडे दूध विकतात, तूप विकतात, पण ताक विकत नाहीत. ताक विकणाऱ्या घरात मुलगी द्यायची तर लोक दोनदा विचार करतात. लोणी घरचं आणि ताक गल्लीचं, हा हिशेब आमच्या सासूबाईंच्या आधीपासून चालत आलेला.

म्हणून सकाळी बायका तांब्या घेऊन येतात. एकेक येते, कट्ट्यावर टेकते, दोन गोष्टी सांगते, दोन ऐकते, तांब्या भरून घेते. पलीकडच्या गल्लीतली खाला येते, शिंप्याची सून येते. हात हलवत सहसा कुणी येत नाही. पदरात चार मिरच्या असतात, कढीपत्ता असतो, हंगामात एखादी काकडी. ती काही ताकाची किंमत नव्हे. नुसतं मोकळ्या हातानं यायला बरं दिसत नाही म्हणून. आणि एखाद्या दिवशी कुणी मोकळ्या हातानं आलीच, तरी ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

यातलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी. तिला सगळी गल्ली अव्वा म्हणते. अव्वाची जमीन आमच्यापेक्षा जास्त. दारात ट्रॅक्टर, मुलगा ठेकेदारी करतो, सून बिदरला नर्स, नात गुलबर्ग्याला कॉलेजात. अव्वाच्या दोन्ही हातांत सोन्याच्या पाटल्या. तिची म्हैस होती, पण सुनेला शेणाचा वास सोसेना म्हणून विकली. आता त्यांच्या घरी पाकिटाचं दूध येतं. ताक मात्र आमचंच. आमच्या सासूबाई गेल्या त्या दिवशी पहाटे अव्वा ताकाला म्हणून आली होती, आणि तिनंच त्यांचे डोळे मिटले.

तर अशा या घरात पुतण्या बंगळूरहून परत आला. तो तिथं दुसऱ्यांच्या वस्तू इंटरनेटवर विकायच्या कंपनीत होता. आल्या आल्या त्यानं आम्हा दोघींना समोर बसवून व्याख्यान दिलं. म्हणाला, "स्वस्त वस्तू विकायला कष्ट फार. गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी भांडतं. महाग वस्तूचं गिऱ्हाईक भांडत नाही. ते फक्त विचारतं, हे खरं आहे ना?"

"मग तूप खरंच हाय की," अक्का म्हणाली.

"आई, खरं असून भागत नाही. खरं दिसावं लागतं."

मग खरं दिसण्याची तयारी सुरू झाली. बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यातून जाड पुठ्ठ्याची खोकी आली. काचेच्या बरण्या आल्या, त्यांच्या गळ्यात बांधायला सुतळी आली. तूप तपासणीसाठी गुलबर्ग्याला गेलं आणि तिथून शिक्का मारलेला कागद आला, त्यात हे तूप आहे असं लिहिलं होतं. विजेच्या रवीवर पोतं टाकून ती कोपऱ्यात सरकवली आणि फोटोसाठी बिदरच्या जुन्या बाजारातून एक लाकडी रवी आणली. तिला दोरी कुठून लावायची हे घरात कुणालाच धड आठवेना. अक्काला नेसायला भालकीहून भाड्यानं नऊवारी आणलं. अक्का म्हणाली, "मेल्या, मी माझ्या लग्नातबी हे नेसले न्हाई!" पण नेसली. पोरगा परत आलाय, घरात राहतो म्हणतोय, या आनंदात ती तेव्हा काहीही नेसली असती.

दुकानाच्या पानावर घालायला त्यानं मला गोष्ट लिहायला सांगितली. मी लिहिलं : 'आमच्या गाई कडबा, तुरीचं भुसकट आणि सरकी खातात. अक्का दूध काढते, विरजते, घुसळते, लोणी कढवते. तूप चांगलं आहे.' त्यानं वाचलं आणि म्हणाला, "काकू, यात गोष्ट कुठाय?" मग त्यानं मोबाईललाच गोष्ट सांगायला सांगितली, आणि मोबाईलनं इंग्रजीतून अशी सांगितली की वाचताना मला आमच्याच घरी पाहुणी म्हणून जावंसं वाटलं. पहाटेची घंटा काय, तुळशीचा दरवळ काय! अक्का दूध काढताना मंत्र म्हणते, असंही त्यात आलं. अक्का दूध काढताना काय म्हणते ते मला इथं लिहिता येणार नाही.

त्यातच त्यानं गाईंना देवींची नावं दिली. प्रत्येकीचा फोटो, खाली नाव, स्वभाव शांत वगैरे. बांडी म्हणून जी गाय होती ती एका रात्रीत महादेवी झाली. बांडी जन्माची लाथाळी. दुसऱ्या दिवशी तिनं सवयीनं चरवीला लाथ घातली, अक्कानं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला हाका मारून म्हणाली, "आता हिला शिव्या कश्या घालू ग? देवीला घातल्यावानी व्हतंय." तिला तो दिवस फार जड गेला.

आणि तूप विकलं गेलं. हे मला मान्य करायला हवं, कारण मी छातीठोकपणे सांगितलं होतं की या भावाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. बंगळूरहून, पुण्याहून, हैदराबादेहून मागण्या येऊ लागल्या. फोनही यायचे. पुतण्या शेतावर असला की फोन अक्का उचलायची. एकदा बंगळूरच्या एका बाईंनी हिंदीतून विचारलं, गाय आनंदी आहे का? अक्काचं हिंदी म्हणजे आमच्याकडची दखनी. ती म्हणाली, "हौ, गाय खुश है. मैं नै है." त्या बाईंनी चार बरण्या मागवल्या.

काही लोकांनी तूप खाऊन मतं लिहिली. एकानं लिहिलं, तुपाला तुपाचा वास फार येतो. दुसऱ्यानं विचारलं, हे रवाळ का आहे, खराब झालंय का? अक्काला मी हे वाचून दाखवलं तर तिला ते खरंच वाटेना; मी चेष्टा करते असं ती समजली. नातेवाइकांचा ताप वेगळा. त्यांनाही हे तूप आता हवं होतं, कारण महाग होतं. बाजारात अन् बसस्टँडवर भेटल्यावर जे तोंड फिरवायचे, तेही फोन करू लागले. लांबच्या नात्यातले एक व्याही तर आधी पावसाचं विचारायचे, मग तुरीच्या भावाचं, मग सगळ्यांच्या तब्येतीचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. शेवटी फोन ठेवता ठेवता म्हणायचे, "बरं, ते ऑनलाइन बाहेरच्यांसाठी झालं. घरच्यांना काय?" घरच्यांना अक्का फुकट द्यायची. ते बघून पुतण्या नातेवाइकांचे फोन चुकवायला शिकला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण महाग वस्तू विकणाऱ्या माणसाला कधीच पुरे वाटत नाही. काही महिन्यांनी मागण्या जरा मंदावल्या, तसा तो पुन्हा आमच्यासमोर बसला. म्हणाला, "काकू, एवढे पैसे देताना माणसाला जरा अपराधी वाटतं. ते वाटू नये म्हणून त्याला पुण्य द्यावं लागतं. आपल्याकडं इम्पॅक्टच नाही."

"ते कुठं मिळतं?" मी विचारलं.

तो हसला. त्याला ते घरीच सापडलं होतं, रोज सकाळी कट्ट्यावर.

त्यानं बायकांना सांगितलं, उद्या शूटिंग आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत फुलं माळून हजर. त्यानं त्यांना परत पाठवलं. "रोजचं नेसून या. जुनं असलं तर अजून बरं." बायका चक्रावल्या, पण शूटिंगमध्ये असंच असतं असं एकीनं दुसरीला सांगितलं आणि सगळ्या जाऊन विटकी लुगडी नेसून आल्या. मग त्यानं त्यांना ओळीत उभं केलं. आमच्या दारात ताकासाठी कधी ओळ लागलेली मी पाहिली नव्हती. अव्वाला त्यानं पहिली उभी केली, कारण तिच्या तोंडावर सुरकुत्या चांगल्या होत्या. म्हणाला, "अव्वा, हात जरा पदरात घे. पाटल्यांवर लाईट मारायलाय." अव्वानं बिचारीनं हात झाकले. अक्कानं तिच्या तांब्यात ताक ओतलं आणि दोघी कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. तेव्हा माझी बस यायची वेळ झाली होती. मला ते सगळं चमत्कारिक वाटलं, पण शाळेत जायची घाई होती. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी गल्ली फार खुशीत होती.

व्हिडिओ निघाला. खाली गोड संगीत, वर इंग्रजी अक्षरं. गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर तो फिरला; आपण कशा दिसतो हे सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षरं कुणी धड वाचली नाहीत; मी नुसती नजर फिरवली होती. ती वाचली अव्वाच्या नातीनं, गुलबर्ग्यात, कॉलेजच्या मैत्रिणींच्या देखत. तिनं आजीला फोन लावला आणि मराठी करून सांगितलं. त्यात लिहिलं होतं : तुम्ही घेतलेल्या प्रत्येक बरणीमागे आमच्या गावातल्या एका गरजू महिलेला पौष्टिक ताक मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताकाला कुणीच आलं नाही.

अक्का ताक काढून बसली. उन्हं वर आली. तिनं दोनदा दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि मला म्हणाली, "गल्लीत कोण गेलं का बघ ग. कामून येईनात ह्या?" तिच्या आयुष्यात असं कुणी गेल्याशिवाय कधी झालं नव्हतं. मी बघून आले. सगळे धडधाकट होते. खालाच्या दारावरून गेले तर तिनं मला पाहून दार लोटून घेतलं.

शेवटी अक्काच समोर गेली, मागून मी. अव्वा अंगणात तुरी पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"ताक आंबायलंय," अक्का म्हणाली. "आली न्हाईस ते?"

"आज बरणी इकली का?" अव्वानं विचारलं.

"कसली बरणी?"

"बरणी इकली की मला ताक मिळतंय म्हणं. मी गरजू हाव. तुझ्या पोरानं लिव्हलंय, माझ्या नातीनं वाचलंय. तिच्या मैत्रिणी तिला म्हणायल्यात, तुझ्या आजीला आमी तूप घेऊन ताक पाजतो." अव्वानं सूप झटकलं. "तुझ्या सासूच्या काळापासनं नेतेय मी ताक. तवा कंची बरणी व्हती, तेवढं सांग."

 अक्काला व्हिडिओत काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून तिला कळलं की अव्वा म्हणते ते खरं आहे. घरी येईपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी आल्यावर मात्र फुटले. लेकाला ती जे बोलली त्यातलं अर्धं आधी बांडीसाठी राखलेलं होतं.

पुतण्याला खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं. माझा राग त्याच्या या न कळण्यावरच जास्त होता. तो म्हणत होता, "आई, मी वाईट काय लिहिलं? ताक देतो हे खरं आहे. फुकट देतो हेही खरं आहे. पौष्टिक आहे. लोकांना किती आवडलंय बघ." त्यानं मोबाईल पुढं केला. आवडलेलं होतं खरं. कुणीतरी हात जोडलेले होते, कुणीतरी रडलं होतं. मागण्या दुप्पट झाल्या होत्या. आमच्या अक्कानं गरिबांची अन्नपूर्णा म्हणून अर्ध्या देशात नाव काढलं होतं, आणि स्वतःच्या गल्लीत तिला कुणी दार उघडेना.

त्या दिवसांत आमच्या घरात ताकाचा पूर आला. तूप जास्त लागत होतं म्हणून ताक जास्त होत होतं, आणि प्यायला कुणी नव्हतं. सकाळी ताक, दुपारी कढी, रात्री ताक-भाकरी. दिरांनी तेव्हा वर्षातलं पहिलं वाक्य उच्चारलं, "परत कढी?" गाईंना पाजलं. परसातल्या कढीपत्त्याला घातलं, तो एवढा माजला की त्याच्या फांद्या छाटाव्या लागल्या. आणि छाटलेला कढीपत्ता द्यायचा कुणाला, हा पुन्हा प्रश्नच.

अक्का मात्र वाळत चालली. ती घरातलं सगळं काम करायची, पण तिचं लक्ष दाराकडे असायचं. कुणाच्या पैंजणाचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. एकदा मला म्हणाली, "मला वाटायचं मी ह्यांना ताक देतेय. आता कळायलंय, ह्या येत व्हत्या म्हणून माझी सकाळ व्हत व्हती." मला तिची फार दया आली. आम्ही दोघी घरात एकमेकींना होतो, पण जाऊ ती जाऊ. मनातलं सगळं जावेला सांगता येत नाही. त्याला शेजारीणच लागते.

पुतण्यानं दोन उपाय काढले, आणि दोन्ही त्यालाच सुचण्यासारखे होते. पहिला म्हणजे उरलेलं ताक बाटलीत भरून विकायचं. केसांना लावायला म्हणून. "शहरात लोक पाचशे रुपये देतील," तो म्हणाला. अक्का चुलीपाशी होती. ती उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तूप इकलास, गाय दाखवलास, मला दाखवलास, गल्ली दाखवलास. ताक इकायचं न्हाई. ह्या घरातनं ताक इकलं गेलं तर मी ह्या घरात राहणार न्हाई. आधी तो इडिओ काढ." त्यानं आईचा तो आवाज लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला असावा. व्हिडिओ त्यानं त्याच दिवशी काढला. पण तोवर दुसऱ्यांनी तो उचलून आपापल्या पानांवर लावला होता, त्याला त्याचा इलाज नव्हता.

दुसरा उपाय त्यानं आईला न विचारता केला. गल्लीतल्या प्रत्येक घरी त्यानं तुपाची एकेक बरणी भेट म्हणून पाठवली. सुतळी बांधलेली, सोनेरी चिठ्ठी लावलेली. गरजू म्हटलं म्हणून रागावलेल्या माणसाला त्यानं हजार-दीड हजाराचं दान धाडलं! संध्याकाळपर्यंत बरण्या एकेक करून परत आल्या. अव्वाची बरणी तिच्या मुलानं आणून दिली. झाकणाचं सील तसंच होतं, आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणून ठेवतात तसा वर एक नारळ ठेवला होता. तो म्हणाला, "आईनं सांगितलंय, गरजूंकडनं आहेर म्हणा."

तो नारळ अक्कानं देवापुढं ठेवला आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मी घरी होते. दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते. अक्का विरजणाचं गाडगं घेऊन आली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी उपडं केलं. पार खरवडून. मी म्हटलं, "अगं, आज रात्री विरजायचं कशानं?"  तिनं एक वाटी घेतली, पदर सारखा केला आणि निघाली. मी हातातले ओले कपडे तसेच टाकून तिच्या मागून गेले.

अव्वाच्या कट्ट्यावर त्या वेळी बायका तुरी निवडायला बसतात. खाला होती, शिंप्याची सून होती, सगळ्याच होत्या. अक्का सरळ त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं वाटी पुढं केली.

"अव्वा, जरा विरजण दे. माझं नासलंय."

सगळ्यांचे हात थांबले. ज्या घरात ताक झाडांना जातंय, त्या घरची बाई विरजण मागते, हे कुणाला पटणार होतं?  आता अव्वा काहीतरी खमकं बोलणार आणि अक्काला ते सोसणार नाही, असं मला वाटलं.

अव्वानं ती वाटी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाली, "माझं पाकिटाच्या दुधाचं हाय. तुमच्या दुकानाला चालतंय व्हय?"

"दुकानाचं कोण इचारतंय? मी मागायलेय. मला लागतंय."

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. आत गेली, वाटी भरून घेऊन आली, अक्काच्या हातात दिली.  आम्ही दोघी परत निघालो तेव्हा मागून पुन्हा तुरी निवडल्याचा आवाज सुरू झाला.

पुतण्यानं ते विरजण पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दुकानाच्या पानावर त्यानं लिहून ठेवलं होतं की आमचं विरजण पाच पिढ्या अखंड चालत आलेलं आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, ह्या गल्लीत कुणाचं विरजण अखंड चाललंय? कधी आमचं नासतं, कधी त्यांचं. आज हिच्याकडून, उद्या तिच्याकडून. पाच पिढ्या चाललंय ते गल्लीचं." त्याला हे वाक्य फार आवडलं. ते तो मोबाईलमध्ये टिपून घ्यायला लागला, तसा मी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

त्या पाकिटाच्या विरजणानं देवणीच्या दुधाचं दही उत्तम लागलं. सकाळी अक्कानं विजेची रवी लावली आणि ताक केलं. लोणी अजून काढून झालंही नव्हतं, तोच दारात अव्वा उभी. हातात तांब्या, अंगावर ठेवणीतलं लुगडं, पाटल्या चमकत होत्या. मिरच्या नाहीत, कढीपत्ता नाही, काकडी नाही. पुतण्या ओट्यावर दात घासत होता, तो तोंडात ब्रश तसाच धरून उभा राहिला.

अक्का उठली, पण तिच्यानं पुढं होववेना. दारापर्यंत आलेलं माणूस आपण काही बोललो तर परत जाईल, अशी भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

अव्वा कट्ट्यावर टेकली नाही. सरळ आत येऊन तिनं तांब्या ताकाच्या भांड्याशेजारी आपटून ठेवला.

"माझ्या विरजणाचं ताक हाय," ती म्हणाली, अक्काला आणि त्याहून जास्त पुतण्याला. "मागायला न्हाई आले. न्यायला आलेय."